पाकिटावरची काळी रेघ

सर,

आज रविवार. क्लिनिक बंद आहे, तरी मी पेडण्याला येऊन बसले आहे. घरी कोरगावला सांगून निघाले की मशीन बघायला माणूस येणार आहे. माणूस कोणी येणार नाही आणि मशीनला काही झालेलं नाही. पेशंटच्या खुर्चीत पाय लांब करून, मांडीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही असता तर आधी यावरूनच तोंडाचा पट्टा सुरू केला असता, "उठ! कदेल पेशंटाचें, दोतोराचें न्हय." खुर्चीला तुम्ही शेवटपर्यंत कदेलच म्हणालात, खिडकीला जनेल, आणि त्यावर कोणी हसलं की मुद्दाम दोनदा म्हणायचात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मनातल्या मनात मी तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण लिहायला कधी बसले नव्हते. आज बसले आहे ती अशा गोष्टीसाठी जी दुसऱ्या कोणाला सांगायची माझी छाती नाही. तुम्हाला सांगायला सोपं, कारण तुम्ही आता कोणाकडे बोलणार नाही. हे वाक्य लिहिताना लाज वाटली, पण खोडत नाही.

तुमच्याकडे डिचोलीला आले तेव्हा माझ्या हातात पदवी होती आणि बोटांत काही नव्हतं. रूट कॅनल म्हणून कॉलेजात पुढचे दोन दात केले होते, एकेका सरळ नळीचे, आंधळ्यालाही जमावेत असे. मला वाटलं होतं पहिल्याच दिवशी तुम्ही मला पेशंट द्याल. तुम्ही लोणच्याची बरणी पुढ्यात ठेवलीत. आत ब्लीचच्या पाण्यात काढलेल्या दाढा, किडलेल्या, तंबाखूने काळवंडलेल्या, एक तर चक्क चार मुळं फाकवून बसलेली. "अर्धो डिचोली तालुको हांगा आसा," तुम्ही अभिमानाने म्हणालात. त्यातली एकेक दाढ प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवायची, वरून भोक पाडायचं आणि आतल्या नळ्या शोधायच्या. वरच्या दाढेची चौथी नळी सापडेपर्यंत जेवायला उठायचं नाही असा तुमचा नियम. मी वाकून वाकून बघत असे आणि तुम्ही मागून म्हणायचात, "दोळ्यांनी सोदूं नाका, बोटांनी सोद." बोटांना काही कळत नसे. मग आतल्या दारातून काकी यायच्या, बशीत उंडा पाव आणि पातळ भाजी घेऊन, आणि तुमच्या देखत माझ्या पुढ्यात ठेवायच्या. "मेलेल्या माणसांचे दात थांबतील, जिवंत पोर भुकेने मरेल," म्हणायच्या. तुमचं क्लिनिक पुढे आणि घर मागे, आणि मधल्या अरुंद वाटेत, काकींच्या चुलीला पाठ लावून, हत्यारं उकडायचा तुमचा तो प्रेशर कुकरसारखा ऑटोक्लेव्ह. इकडे भाताची शिट्टी, तिकडे त्याचं सुस्कारणं. काकी विचारायच्या, "माझ्या भाताला तीन शिट्ट्या, तुमच्या सुयांना किती?"

पहिले दोन महिने मी पेशंटपेक्षा जास्त नळाखालीच उभी होते. दाताच्या नळीत घालायच्या त्या बारीक फाईल, सुईहून थोड्या जाड, अंगभर पीळ असलेल्या. एकेक फाईल चिमटीत धरून ब्रशने घासायची, मग तुमच्या भिंगाखाली धरायची. ते भिंग तुम्ही बाजारातल्या शेटाकडून आणलं होतं, तो सोनार, त्यातून दागिन्यांचं बारीक काम बघायचा. पिळाच्या खाचेत केसाएवढं जरी काही दिसलं, तरी तुम्ही सगळा डबा पुन्हा नळाखाली ओतायचात. "ही फाईल म्हणजे दुसऱ्याच्या रक्तात बुडवलेली सुई आहे, आणि ती तू तिसऱ्याच्या हाडापर्यंत नेणार आहेस," म्हणायचात. मला तेव्हा तुमचा रागच यायचा. दात करायला आले होते, भांडी घासायला नाही, असं मी आईला फोनवर म्हटल्याचं आठवतं.

आणि मग तुमची ती रीत. हत्यारं कापडात गुंडाळून वर चिकटपट्टी लावायची, पट्टीवर फिक्या रेघा. वाफ लागली की त्या काळ्या होतात. पेशंट खुर्चीत बसला की बासन त्याच्या डोळ्यांसमोर धरायचं, रेघ दाखवायची, आणि त्याने मान डोलावली की मगच फोडायचं. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात मी हे पाहिलं नव्हतं. सावंतवाडीकडून खाणीवर ट्रक चालवायला आलेले ड्रायव्हर, बाजारातल्या बायका, सगळ्यांना तुम्ही ही एक गोष्ट शिकवून ठेवली होती. तोंड उघडण्याआधी ते विचारायचे, "रेघ काळी जाली मरे, दोतोर?" तुम्हाला किती आनंद व्हायचा. लोकांना प्रश्न विचारायला शिकवणारा डॉक्टर मी तोवर बघितला नव्हता, आणि नंतरही फारसा नाही.

त्या दिवशी तुम्ही म्हापशाला मयताला गेला होतात. मी एकटी. ऑटोक्लेव्ह भरला, वाफ धरली, आणि थोड्याच वेळात लाईट गेली. तासाभराने आली. झाकण उघडून बघते तर रेघा काळ्याभोर. पुन्हा पहिल्यापासून लावायला हवा होता, हे मला माहीत होतं. कंटाळा आला होता, चारची बस चुकली असती, आणि रेघ तर काळी होती. बासनं कपाटात ठेवली. तुमच्याकडे एक वही असायची, त्यात प्रत्येक खेपेची सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची. सुरू केल्याची मी लिहिली होती, संपल्याची कोरी. खोटी वेळ लिहायचं मला सुचलं नाही, एवढाच त्यातला माझा चांगुलपणा.

तीन दिवसांनी तुम्ही वही उघडलीत आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी सांगितलं. मला वाटलं आता ओरडाल. तुम्ही हात धुतलेत, पुसलेत, आणि स्टुलावर बसलात. "रेघ काय सांगते?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, निर्जंतुक झालं. "नाही. रेघ सांगते वाफ लागली. मेलं की नाही ते सांगत नाही. रेघ पेशंटासाठी. तुझ्यासाठी घड्याळ." मग म्हणालात, "कितल्या जाणांक लागलें?" सात जण होते. मी रडत रडत म्हटलं की सर, धोका तसा फार थोडा आहे, घासून धुतलं होतं सगळं. तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "धोका थोडो काय व्हड तें आमी थारावंचें न्हय. ज्याच्या तोंडात गेलं त्याने ठरवायचं. त्याला आधी कळलं पाहिजे." काकी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय झालं?" म्हणाल्या. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "माझी चूक झाली आहे. उद्या क्लिनिक बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या स्कूटरवर मागे बसले. अजून त्या रस्त्यावरून गेले की ती सकाळ पुन्हा सुरू होते. खाणीजवळच्या पाळी गावाला आपण जातो आहोत, रस्ता लाल, झाडं लाल, समोरच्या ट्रकमधून उडणारी माती दाताखाली कचकचते आहे. ड्रायव्हरचं घर, ओट्यावर त्याची बायको तांदूळ निवडते आहे. तुम्ही चप्पल काढून उभे राहता आणि जावयासारखं अवघडून बोलता. म्हणता, माझ्या हातून चूक झाली, हत्यारं पुरती उकडली गेली नाहीत, भिण्यासारखं बहुधा काही नाही, पण रक्त तपासून घेऊ, आत्ता एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा, मी स्वतः बरोबर येतो. तो माणूस ओट्यावरून खाली उतरतो. मग म्हणतो, "दाक्तर, तुमी सांगूक इलात म्हणान आमका कळला. नायतर आमका काय कळणार हुता?" तो हे रागाने म्हणाला की उपकाराने, हे मला तेव्हाही समजलं नव्हतं. त्याच्या बायकोने सूप तसंच ठेवून मुलाला आत बोलावलं, आपण अंगणात उभे होतो तरी.

सात घरं झाली. सातही ठिकाणी तुम्ही "माझ्या हातून" म्हणालात. परतताना मी तुमच्या पाठीमागून ओरडून म्हटलं, "सर, माझ्या हातून झालं." तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. "क्लिनिक कोणाचं?" तुमचं, मी म्हटलं. "मग गप बस. तुझं होईल तेव्हा तू म्हण." आणि पुन्हा किक मारलीत. या विषयावर तुम्ही माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलला नाहीत.

सातही जणांचं रक्त चांगलं निघालं, दोन्ही वेळा. कोणाला काही झालं नाही. झालं ते तुम्हाला. महिन्याभरात बाजारात म्हणायला लागले की त्या दोतोरागेर रोग लागतो. ज्यांनी रेघ बघायला शिकवली त्यांच्याकडचीच रेघ खोटी, असं पानाच्या गादीवर कोणीतरी मोठ्याने बोललं आणि मी ते ऐकलं. आधी खाणीवरचे लोक गेले, मग शाळेतल्या बाई, मग तुमच्या आतेभावाचं सगळं घर. तुम्ही रोज वेळेवर येऊन पांढरा कोट घालून बसायचात, हत्यारं उकडायचात आणि न वापरताच दुसऱ्या दिवशी पुन्हा उकडायचात. शेवटी मलाच म्हणालात, इथे बसून तुझा हात गंजेल, पेडण्याला आपलं काहीतरी बघ. निघताना शेटाचं ते भिंग माझ्या पर्समध्ये टाकलंत. मी नको नको म्हटलं. "हांगा आतां कोणाच्यो फायली पळोवंच्यो?" तुम्ही हसून म्हणालात. तुमच्या हसण्याची मला तेव्हा फार भीती वाटली. चार वर्षांनी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, हृदयविकार. मी म्हणते, रिकामी खुर्ची, पण ते कुठल्या दाखल्यावर लिहीत नाहीत.

आता माझं. माझं क्लिनिक पेडण्याच्या बाजारापासून दोन मिनिटांवर आहे. मोपाला विमानतळ झाल्यापासून गर्दी वाढली आहे, नवीन दवाखाने आले आहेत, त्यांच्या काचेवर हसऱ्या गोऱ्या बायकांचे फोटो आहेत. माझ्याकडे तो थाट नाही. माझ्याकडे तुमची रेघ आहे. आता कापडाच्या जागी पाकिटं आली, एका बाजूने कागद आणि एका बाजूने प्लास्टिक, पण रेघ आहेच, आणि मी ती प्रत्येकाला दाखवते. पेडण्यात माझी ओळखच ती आहे. घड्याळाच्याही पुढे गेले आहे मी. दर सोमवारी मशीनमध्ये पाकिटांच्या मधोमध एक छोटी कुपी ठेवते. त्यात जंतू असतात, माणसाला निरुपद्रवी पण मरायला फार चिवट. मशीन फिरलं की कुपी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी जांभळीच राहिली तर जंतू मेले, पिवळी झाली तर जिवंत आहेत, म्हणजे बाकीचंही काही मेलेलं नाही असं धरायचं. तुम्हाला ही कुपी फार आवडली असती. तुम्ही तीही पेशंटांना दाखवत बसला असता.

यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी माझ्याकडे नेहमीसारखीच झुंबड उडाली. सगळ्यांना चवथीच्या आत दात नीट हवा, घरात पाहुणे, करंज्यांसारख्या कडक नेवऱ्या चावायला हव्यात. माझ्याकडे कामाला बांद्याची एक बाई आहे, आठ वर्षं झाली, हात चांगला. हत्यारं पुरेनात म्हणून ती सारखी मशीन लावत होती. मी तिला म्हटलं, "दोन खेपांचं एकाच खेपेत बसव. चवथ होऊ दे, मग बघू." तिने बसवलं. पाकिटावर पाकीट, दाबून, चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधतात तशी मुळीच मोकळी जागा न ठेवता. वाफ मधल्या पाकिटांपर्यंत पोचणार कशी, हे मी स्वतः नव्या डॉक्टरांना शिकवते. आणि त्या धांदलीत दोन सोमवार कुपी ठेवायचीही राहिली. राहिली कसली, मी म्हटलं पुढच्या सोमवारी ठेवू.

गणपती पोचवून क्लिनिक उघडलं आणि पुढच्या सोमवारी कुपी ठेवली. मंगळवारी सकाळी ती पिवळी होती. हळदीच्या पाण्यासारखी, शंकेला जागाच नाही. मी बाईला विचारलं, अशी दाबून कधीपासून भरते आहेस? ती हातातलं पाकीट खाली ठेवून म्हणाली, "तुमीच सांगितलात न्हय, चवथीच्या आदी? पुना सुटी सुटी भर म्हणान खय सांगितलात?" सांगितलं नव्हतं. मग तीच पाकिटं सुटी लावून मशीन फिरवलं, नवी कुपी ठेवली, ती जांभळी राहिली. मशीन निर्दोष सुटलं. दोष तीन आठवड्यांचा, आणि तो सगळा माझ्या एका वाक्याचा. आणि सर, त्या तीन आठवड्यांत प्रत्येक पाकिटाची रेघ काळी होती. प्रत्येक पेशंटला मी ती दाखवली, आणि प्रत्येकाने मान डोलावली.

क्लिनिक माझं आहे. म्हणून मी म्हणायला हवं होतं. तुम्ही सात घरी जाऊन म्हणालात, माझे पेशंट साठाच्या वर आहेत, पण तो हिशोब तुम्हाला सांगायला मला तोंड नाही. मी आधी एका मैत्रिणीला फोन केला, कॉलेजातली, आता पणजीला मोठं नाव आहे. ती म्हणाली, "वेडी आहेस का? घासलंस, धुतलंस, अर्धवट का होईना वाफ लागली. काही होत नाही. यापुढे नीट कर आणि मूग गिळून बस." मला तेच ऐकायचं होतं म्हणूनच मी तिला फोन केला होता. तुम्हाला केला नसता.

त्याच आठवड्याच्या शेवटी म्हापशाला नव्या डॉक्टरांचा दोन दिवसांचा वर्ग होता. रूट कॅनलचं प्रात्यक्षिक आणि जंतुसंसर्ग कसा टाळायचा, दोन्ही मीच शिकवते, तीन-चार वर्षं झाली. आता बरणी नसते. प्लास्टिकचे पारदर्शक दात असतात, त्यात नळी बाहेरूनच दिसते, बोटांनी शोधायला काही उरत नाही. तरी मी सवयीने म्हणते, डोळ्यांनी नको, बोटांनी. पोरं हसतात. दुपारी पडद्यावर कुपीचा फोटो आला, जांभळी आणि पिवळी शेजारी शेजारी, आणि सगळ्यांनी मोबाईल वर करून त्याचे फोटो काढले. माझी स्वतःची पिवळी कुपी तेव्हा पेडण्याच्या टेबलाच्या खणात होती. मागून एका मुलीने हात वर केला. दिसायला साधी, बोलायला चाचरणारी. "मॅडम, टेस्ट फेल झाली तर पेशंटना सांगायचं का?" मी म्हटलं, "अर्थात. सगळ्यांना. एकेकाला." तिने मान खाली घालून ते लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा ओढली तिने. मला तिची फार कीव आली, आणि माझी आली नाही.

प्रयत्न केलाच नाही असं नाही. सोमवारी पेशंटांची वही उघडून पहिल्या नावापासून फोन लावले. पहिला आमच्या कोरगावचाच, काजूची बागायत असलेला म्हातारा. "कोण, दोतोरीण? म्हजी दाड एकदम फस्क्लास!" मी विचारलं, दुखत नाही ना? "अजिबात ना." बरं, म्हटलं, आणि फोन ठेवला. दुसरीला विचारलं, सूज वगैरे नाही ना. तिसऱ्यालाही तेच. अकरा जणांना फोन केले आणि अकरा वेळा माझी जीभ त्याच जागी अडकली. आता गंमत ऐका. त्या अकरा जणांनी गावभर सांगितलं की काम झाल्यावर स्वतः फोन करून विचारपूस करणारी अशी डॉक्टर बघितली नाही. माझ्याकडे आता पूर्वीपेक्षा जास्त गर्दी आहे. तुम्ही खरं सांगायला दारोदार फिरलात आणि तुमची खुर्ची रिकामी झाली. मी खरं न सांगता फोन केले आणि माझी भरली. यातून काय शिकायचं ते मला कळतं, आणि ते कळतं म्हणूनच मी आता सुधारेन असं मला वाटत नाही.

आता त्या वहीतलं एक नाव, जे मी अजून सांगितलं नाही.

चवथीच्या आठवडाभर आधी काकी आल्या होत्या. डिचोलीहून दोन बस बदलून, छत्री टेकत. खालची दाढ. डिचोलीत आता चार दवाखाने आहेत, तरी त्या म्हणाल्या की दुसऱ्या कोणाच्या हाताखाली तोंड उघडणार नाही. खुर्चीत बसल्या आणि तुमच्यासारखाच हात पुढे केला. "दाखव गो रेघ." मी पाकीट त्यांच्या डोळ्यांपाशी नेलं. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं. "काळी आसा," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं. तीन नळ्या होत्या, शेवटची वाकडी. मला ती बोटांनी सापडली, सर. पहिल्या झटक्यात. इतकं चांगलं काम माझ्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

परवा त्या दाढेवर टोपी बसवून घ्यायला आल्या. म्हणजे तोवर मला सगळं माहीत होतं. डब्यात चवथीच्या नेवऱ्या होत्या, माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या. मी ठरवलं होतं की निदान यांना सांगायचं. निदान एक. रक्त तपासायला मीच घेऊन जाईन, म्हापशाला, नाहीतर कोणी ओळखणार नाही अशा ठिकाणी, मुरगावला सुद्धा. मी मास्क खाली घेतला. त्या आधी बोलल्या. सवयीने पाकिटाची रेघ बघून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांची जन्मात एकदाच चूक झाली गो. माणूस वाईट नव्हता, लक्ष चुकलं असेल. मी त्यांना तेव्हा फार बोलले. घर बुडवलंत म्हटलं. ते काही बोलले नाहीत." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्याकडे तसं कधी व्हायचं नाही. तू त्यांचं नाव राखलंस."

म्हणजे तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. घरात, स्वतःच्या बायकोलासुद्धा. एवढी वर्षं मी धरून चालले होते की काकींना तरी खरं माहीत असेल, आणि तरी त्या मला जेवायला वाढतात, म्हणजे त्यांनी मला माफ केलं आहे. आता सांगायच्या गोष्टी एक नव्हे, दोन झाल्या होत्या, आणि त्या माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या. मी "होय काकी" म्हटलं. मास्क वर केला आणि टोपी बसवायला घेतली. चावून बघा म्हटलं, त्यांनी चावून बघितलं, बरोबर बसली होती.

सर, मला आता माझी काही आशा वाटत नाही. उद्या सोमवार, कुपी ठेवीन, ती जांभळी राहील, कारण आता मी सगळं नीट करते. पण हे पत्र टाकायला जागा आहे, आणि ती मी शेवटासाठी ठेवली होती. तुमचा पत्ता बदललेला नाही. डिचोलीच्या त्याच घरावर अजून तुमच्या नावाची पाटी आहे. पत्र तुमच्या नावाने टाकलं तर पोस्टमन ते काकींच्या हातात देईल, त्या चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील, आणि मला तोंडाने काही म्हणावं लागणार नाही. लिहायला बसले तेव्हाच हे माझ्या डोक्यात होतं. बस स्टँडवरून इथे येताना वाटेत पोस्टाची पेटी लागते. येताना मी पर्समध्ये कागद घेतले, पेन घेतलं, पुठ्ठा घेतला. पोस्टाचं तिकीट घरात होतं, ते मी घेतलं नाही.